काळ्या रेघेचा हिशेब

२०२२ सालचा भाद्रपद नुकताच लागला होता. दशलक्षण पर्व दोन दिवसांवर आलेले, घरात मंदिराच्या तयारीची लगबग. अशा वेळी सांगलीच्या एक निवृत्त शिक्षिका पिशवीत वाकळ घेऊन दारात उभ्या राहिल्या. नातीच्या बारशाला म्हणून त्यांनी ती दीड वर्षापूर्वी विकत नेली होती. त्या संकोचाने म्हणाल्या, "आमच्याच धुण्यात काही चुकले असेल. एवढे ठिगळ लावून मिळेल का? होईल ते पैसे देते."

वाकळ ओट्यावर पसरली गेली. लाल फुले जशीच्या तशी होती. पिवळसर जमीनही तशीच. मात्र पानांच्या काळ्या रेघा जिथे जिथे होत्या, तिथे तिथे कापड विरून फाटले होते. एका पानाची तर कडा सगळीच गळाली होती आणि आतला जुन्या साडीचा थर डोळ्यांना दिसत होता. कात्रीने कोणी नेमक्या रेघेवरून कापले असावे, तसे. अक्कांनी बोटाने दुसरी एक अखंड दिसणारी रेघ हलकेच ताणली. तीही सुटली.

या गृहिणीला सारी पेठ अक्का म्हणूनच ओळखते, म्हणून येथेही तेच संबोधन ठेवले आहे. जयसिंगपूरच्या बाजूच्या एका गावात त्यांचे घर आहे. यजमानांचे कापडाचे दुकान होते; ते चालेनासे झाले तेव्हा मुलगा शिकत होता आणि घरात शिल्लक राहिलेल्या मालाखेरीज दुसरी पुंजी नव्हती. सासूबाई उत्तम वाकळ शिवत. देशावर जिला गोधडी म्हणतात तिलाच कोल्हापूर-सांगलीकडे वाकळ म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक अंथरायचे, चारी बाजू दुमडून घ्यायच्या आणि कडेपासून सुरुवात करून चौकटीत चौकट असे धावदोऱ्याचे टाके घालत मध्यापर्यंत यायचे. उन्हाळ्यात शेतीची कामे उरकली की अंगणाअंगणात हा उद्योग चाले. त्याची विक्री होऊ शकते हे कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते, कारण वाकळ ही मुळात फाटक्या कापडाची सद्गती. पैसे देऊन ती कोण नेणार?

२०१६ मध्ये अक्कांनी दुकानातल्या उरलेल्या सुती तुकड्यांच्या पाच वाकळी शिवल्या आणि पुण्यातल्या एका प्रदर्शनात पाठवल्या. पाचही विकल्या गेल्या. दर होता पंधराशे रुपये. घरात आनंद झाला आणि बरेच महिने तो टिकलाही, कारण हिशेब चुकीचा मांडला होता. कापड आणि दोरा मिळून खर्च साडेसहाशे. उरलेले साडेआठशे नफा, असे वहीत लिहिलेले असे. एका वाकळीला दोन बायकांचे आठ-नऊ दिवस जात, त्यांची किंमत त्या वहीत कोठेच नव्हती. घरच्या बाईचे श्रम फुकट असतात ही समजूत आपल्या अनेक गृहोद्योगांच्या मुळाशी असते, आणि बुडण्याच्याही. मोठी मागणी येते, मजुरीवर बायका लावाव्या लागतात आणि मग ध्यानात येते की प्रत्येक नगामागे पदरचे जात आहेत.

अक्कांच्या ते वर्षभरात ध्यानात आले. त्यांनी नवी वही घातली. तीत आजच्या रीतीने एका वाकळीचा खर्च असा पडे : कापड ६५०, रंग १५०, छपाईची मजुरी २५०, शिलाईची मजुरी १,४००, दोरा ८०, वाहतूक व किरकोळ १७०. एकूण २,७०० रुपये. विक्री ३,८०० ला. हा दर ऐकून गावातल्या लोकांनी तोंडात बोटे घातली. पण शिलाईच्या चौदाशेत एक रुपया कमी करायचा नाही, हे अक्कांनी ठरवून टाकले होते. एका व्यापाऱ्याने दोनशे वाकळींची मागणी आणली, दर मात्र निम्मा आणि शिलाई यंत्रावर चालेल असे सांगितले. त्यांनी नमस्कार करून त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हाती परत पाठवले.

छपाईची जोड नंतर मिळाली. बाजारातली छापील चिटे वापरली की माल सर्वांसारखाच दिसतो, म्हणून त्या जयपूरपासून तीसेक किलोमीटरवरच्या बगरूला गेल्या आणि तिथल्या छिपा कुटुंबांचे काम पाहत राहिल्या. साधी वाटणारी ही कला किती टप्प्यांची आहे, ते तिथे कळले. कोरे कापड आधी धुऊन त्यातली खळ काढायची. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवून उन्हात वाळवायचे. कापडाला फिकट पिवळा रंग चढतो. त्यानंतर ठसे. बाह्यरेषेचा तो 'रेख', जमीन भरणारा तो 'गद', आतले रंग भरणारा तो 'दत्ता'. लाल हवे तिथे तुरटीची खळ छापायची, काळे हवे तिथे लोखंडाची. छापताना तुरटी जवळजवळ दिसतच नाही. कापड पुढे मंजिष्ठेच्या किंवा अलिझरिनच्या उकळत्या पाण्यात गेले, की जिथे तुरटी होती तिथेच लाल उमटते. उकळताना धावडीची फुलेही टाकतात. लोखंडाची खळ मात्र हिरड्याला भेटताच काळी पडू लागते. छापणाऱ्याचा हात आणि दृष्टी एकाच लयीत चालावी लागते. ठसा टेकवून मुठीने एक ठोका द्यायचा, पुढचा ठसा मागच्याच्या कडेला अचूक भिडवायचा.

परत येऊन त्यांनी मुद्रा योजनेच्या शिशु गटातून पन्नास हजारांचे कर्ज काढले. त्या गटाची कमाल मर्यादाच तेवढी. त्यात तरटाचे थर घालून मऊ केलेले छपाईचे लांब टेबल झाले, तांब्याचे एक मोठे पातेले आले आणि गुजरातेतल्या पेथापूरच्या कारागिरांकडून सागवानी ठसे आले. कर्जाचा एकही हप्ता चुकला नाही, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

पाण्याचा धडा वेगळा शिकावा लागला. पहिल्या वर्षी विहिरीच्या पाण्यातला लाल वेगळा आणि बोअरच्या पाण्यातला लाल वेगळा निघाला. पाण्यात लोह असेल तर लाल रंग मळकट होतो. कच्छमधल्या धमडका गावी पिढ्यान्‌पिढ्या अजरख छापणाऱ्या खत्री कारागिरांना २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर पाण्याच्याच कारणाने नवे गाव वसवावे लागले, ते अजरखपूर. आमच्याकडे गाव हलवावे लागले नाही. अक्कांनी रंगासाठी विहिरीचे पाणी कायम केले आणि ते दुहेरी फडक्यातून गाळून घेण्याचा घरचा नेम रंगशाळेतही चालू ठेवला.

घरचे इतरही नेम तिथे चालत. रेशमाला तिथे प्रवेश नव्हता. लग्नातला शालू वाकळीत घालून द्या म्हणून आलेल्या दोघी-तिघींना त्यांनी गोड बोलून परत पाठवले. लाखेचा लाल त्यांनी घेतला नाही, कारण लाख किड्यांची. बगरूची 'दाबू' ही चिखलाची छपाई त्यांना अतिशय आवडली होती. परंतु चिखल, चुना आणि डिंक यांच्या त्या लगद्यात किडलेल्या गव्हाची पूडही मिसळतात हे कळले, तेव्हा तो विचार त्यांनी सोडून दिला. मंजिष्ठ हे मूळ असल्याने ते कंदमुळात धरायचे काय, असा प्रश्न एका सोवळ्या आजींनी काढला होता. "नेसायचे आहे आजी, खायचे नाही," या उत्तरावर त्याही हसल्या.

अडचण आली ती काळ्या रंगाची. परंपरेने हा काळा असा करतात : गंजलेले खिळे, नाल, पत्र्याचे तुकडे मडक्यात घालायचे, त्यात गूळ आणि पाणी ओतायचे आणि पंधरा-वीस दिवस आंबू द्यायचे. वर आलेले पाणी गाळून चिंचोक्याच्या खळीत मिसळले की छपाईचा काळा तयार. गुळाच्या वासाने मडक्याला मुंग्या लागत, चिलटे आत पडत. रोज सकाळी झाकण काढले की वर तरंगणारे ते जीव पाहून अक्कांचे मन उदास होई. २०२० च्या हिवाळ्यात त्यांनी मडके बंद केले आणि त्याऐवजी बाजारातून हिराकस आणला. हिराकस म्हणजे लोखंडाचाच क्षार. पाण्यात विरघळला की काम झाले. आंबवणे नाही, वास नाही, जीवहिंसा नाही. काळा तर असा गडद उठला की छापणारी मुलगीही हरखली. प्रमाण कोणी सांगितलेले नव्हते, ते हाताच्या अंदाजाने ठरले. त्या एका खेपेत चौतीस वाकळींचे कापड छापले गेले.

आणि दीड वर्षाने त्यातली एक ओट्यावर अशी पसरली होती.

हिराकस आणि हिरडा एकत्र आले की काळ्याबरोबर आम्लही सुटते आणि ते सुताला हळूहळू खाते. लोखंड जास्त झाले तर नुकसान आणखी. याच जातीच्या शाईने लिहिलेले जुने कागद अक्षरांच्या जागी कुरतडल्यासारखे झालेले असतात, हे हस्तलिखिते जपणाऱ्यांना चांगले ठाऊक असते. अक्कांना ते त्या दिवशी ठाऊक नव्हते. त्यांनी बगरूला फोन लावला, आणि पलीकडच्या वृद्ध कारागिराने 'मडक्याचा काळा की पुडीचा?' एवढेच विचारले.

शिक्षिकाबाईंना त्यांनी सांगितले, की धुण्यात काही चुकलेले नाही, चूक इथली आहे; पैसे नकोत, नवी वाकळ मिळेल. हे सोपे होते. अवघड ते त्यानंतरचे. प्रत्येक वाकळीला अक्का क्रमांक देत. कोणत्या खेपेचे कापड, कोणी शिवली, कोणाला गेली, हे सारे वहीत असे. त्या खेपेतल्या तीन वाकळी घरातच निघाल्या. एकतीस बाहेर होत्या. कोणाचीही तक्रार आलेली नव्हती.

रात्री घरात बोलणे झाले. मुलगा हिशेबात पक्का, आता तोच ऑनलाइन विक्री पाहतो. तो म्हणाला, "आई, एकतीस गुणिले अडतीसशे म्हणजे एक लाख सतरा हजार आठशे. वर्षाला आपल्या जेमतेम शंभर वाकळी जातात. अकराशेने धरले तरी एक लाख दहा हजार. वर्षभर सगळ्यांनी फुकट काम केले तरी भरून येणार नाही. जे येतील त्यांना देऊ. जे येणार नाहीत त्यांना आपण होऊन कशाला उठवायचे?"

मुलाचे म्हणणे वाईट हेतूचे नव्हते. व्यवहारात तक्रार आल्यावर दखल घेणारा माणूससुद्धा प्रामाणिकच गणला जातो. मोठमोठ्या पेढ्यांत याहून वेगळे काही घडत नाही.

अक्का म्हणाल्या, "त्या बाई स्वतःला दोष देत आल्या होत्या, बाळ. बाकीच्या तीसजणींपैकी किती घरात बसून तसाच दोष देत असतील?" यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दुकानाच्या काळातला एक जुना बोजा आठवला, जो त्यांनी असाच कोणाला न सांगता गिळला होता. तो काय होता हे त्यांनी सांगितले नाही. "पत्रे लिही," एवढेच म्हणाले.

शिवणाऱ्या बायकांना दुसऱ्या दिवशी बोलावले. सातजणी. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच गेली होती आणि मजुरी कापली जाणार अशी धास्ती त्यांच्या चेहऱ्यांवर दिसत होती. त्यांतल्या सर्वांत वयस्क काकूंनी फाटलेली वाकळ उलटीसुलटी करून निरखली, टाक्यांवरून नख फिरवले आणि म्हणाल्या, "अक्का, टाका आमचा एक बी तुटला न्हाई. कापड तुटलंय." खरेच होते. कापड गळाले तिथेही दोरा तसाच ताठ होता, दोन्ही काठांना धरून. अक्कांनी सांगितले, की मजुरीचा प्रश्नच नाही आणि दुरुस्तीचे कामही मजुरीने द्यायचे आहे. काकू दुरुस्तीचे पैसे घ्यायला राजी नव्हत्या. त्यांना तीनशे रुपये नगाप्रमाणे घ्यायला लावले, बरीच हुज्जत घालून.

पर्व पार पडले. क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी प्रत्येकाच्या फोनवर 'उत्तम क्षमा'चे तेच ते संदेश शेकड्यांनी येतात आणि तितक्याच वेगाने पुढे जातात. अक्कांनी एकतीस पत्रे हाताने लिहिली. मजकूर आठ-दहा ओळींचा. आपल्या वाकळीचा क्रमांक अमुक, काळ्या रंगात माझ्याकडून चूक झाली आहे, रेघांवर कापड विरेल, आज विरले नसले तरी विरेल. नवी वाकळ घ्यावी, किंवा पैसे परत घ्यावेत, किंवा पाठवल्यास दुरुस्त करून मिळेल. खाली सही. ज्यांचे पत्ते अपुरे होते त्यांना फोन केले.

बाराजणांनी नवी वाकळ घेतली. सातजणांनी पैसे मागितले. त्यांपैकी एकाने पत्राची छायाचित्रे काढून आपल्या ओळखीच्यांत फिरवली आणि 'नैसर्गिक रंगांच्या नावाखाली फसवणूक' असे शब्द वापरले. ते अक्कांना लागले, पण त्यांनी उत्तर दिले नाही, पैसे तेवढे त्याच दिवशी पाठवले. आठजणांनी दोन्ही नाकारून दुरुस्तीच मागितली. त्यांतल्या एका घरी वाकळ मुलाच्या अंगावरून निघतच नव्हती, त्याला नवी दिली असता तो रडला. चौघांचा पत्ता लागला नाही. फोन बदललेले, पत्रे परत आलेली.

बारा वाकळींचे खर्चाच्या दराने ३२,४०० झाले, परतीचे २६,६००, दुरुस्तीचे २,४००. एकूण ६१,४०० रुपये, टपालखर्च वेगळा. मुलाच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडे जास्त. त्या वर्षी घरात नवे काही आले नाही आणि मुलाने मागितलेले छपाईचे दुसरे टेबल पुढच्या वर्षावर गेले.

दुरुस्तीला आलेल्या आठ वाकळींवर काकूंनी जे केले ते पाहण्यासारखे होते. विरलेल्या रेघा झाकायला त्यांनी मूळ नक्षी पुन्हा जुळवण्याचा प्रयत्न केला नाही. पानाच्या आकाराचे ठिगळ कापून, कडा आत दुमडून, पानावरच बसवले. कुठे जुन्या इरकली लुगड्याचे, कुठे कोणाच्या परकराचे. छापील पानाच्या जागी निराळेच पान आले. सांगलीच्या बाईंनी नवी वाकळ घरी नेली होती, ती त्या महिन्याने घेऊन आल्या. ती ठेवून घ्या आणि आमची जुनी अशीच ठिगळ लावून द्या, म्हणाल्या. हिशेबात बाराच्या अकरा आणि आठाच्या नऊ कराव्या लागल्या.

काळा रंग आता पुन्हा मडक्यातच होतो. मडके शिंक्यावर टांगलेले असते, तोंडाला दुहेरी मलमल ताणून बांधलेली, शिंक्याच्या दोरीला हळद चोळलेली. मुंगी चढत नाही, चिलट शिरत नाही. हिरड्याचे आणि लोखंडाचे माप काट्यावर घेतात. छापलेले कापड पूर्वीपेक्षा दुप्पट वेळ धुतात. काळा पूर्वीच्या त्या खेपेइतका गडद उठत नाही, किंचित करडा वाटतो. गिऱ्हाइकांनी विचारले तर कारण सांगितले जाते. प्रत्येक खेपेतला एक हातभर तुकडा अंगणातल्या दोरीवर वर्षभर उन्हापावसात लटकत असतो आणि दर महिन्याला अक्का तो ताणून पाहतात.

त्या चौघांचे पैसे, १५,२०० रुपये, देणे म्हणून वहीत वेगळे काढले गेले. मुलगा म्हणाला होता की ज्याचा धनी सापडत नाही ते देणे कसले. तरी नोंद राहिली. दिवाळीत वहीपूजन झाले, नवे वीर निर्वाण संवत् लागले, की नव्या वहीच्या पहिल्या पानावर तो आकडा पुढे ओढून आणायचा असा क्रम पडला. दुसऱ्या वर्षी हुबळीहून एक गृहस्थ अचानक आले. बदलीमुळे त्यांचे घर हलले होते आणि वाकळ अजून पेटीतच होती. त्यांना पैसे दिले गेले. यंदाच्या पहिल्या पानावर, कुंकवाच्या स्वस्तिकाखाली, ११,४०० लिहिलेले आहेत आणि पुढे तीन क्रमांक.